डाव्या हाताची विद्या



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही आमचा विषय कळविला, तेव्हा त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडे निरखून पाहिले. काल ह्याच व्यासपीठावरून शेतीच्या पाण्यावर मोठे अभ्यासपूर्ण व्याख्यान झाले, उद्या संतवाङ्मयावर व्हावयाचे आहे, आणि मधल्या दिवशी आम्ही उठून माणसाने माणसाच्या नाकावर बुक्की कशी मारावी हे सांगणार! "ह्यात ऐकण्यासारखे काय आहे हो?" असे त्यांनी सौम्यपणे विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तासाभरात देता आले तर पाहू. एवढे मात्र आधीच कबूल करतो की, ह्या प्रश्नाच्या पोटात जो दुसरा प्रश्न दडलेला आहे, म्हणजे ह्या खेळाकडे आवडीने पाहावे की पाहू नये, तो आम्हांलाही कित्येक वर्षे छळीत आला आहे.

विषय आहे धंदेवाईक मुष्टियुद्धातला जॅब. ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याची खटपट आम्ही करून पाहिली. ठोसा म्हणावे तर सगळेच ठोसे. गुद्दा पाठीत बसतो, बुक्की भांडणात बसते, आणि टोला म्हटले की विटीदांडू आठवतो. तेव्हा जॅब हाच शब्द ठेवू. आपल्या भाषेने टेबल आणि स्टेशन पचविले, तिला हा जड जाऊ नये.

जॅब म्हणजे पुढच्या हाताने सरळ रेषेत मारलेला ठोसा. उजव्या हाताचा माणूस रिंगणात उभा राहतो तो डावा पाय आणि डावा खांदा पुढे करून. जोरकस उजवा हात मागे, गालापाशी राखून ठेवलेला. तुलनेने दुबळा असलेला डावा हात प्रतिस्पर्ध्याच्या जवळ. डावखुऱ्याचे सगळे उलटे. प्रथम पाहणाऱ्याला ही व्यवस्था वेडगळ वाटते. आपला चांगला हात मागे का ठेवावा? पण घरातला कर्ता पुरुष ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करीत नाही, ते काम दुसऱ्याचे असते. डावा हात विचारपूस करतो. समोरचा किती लांब आहे, तो मागे सरतो की पुढे येतो, हात वर करतो की मान वळवतो, हे सारे विचारून घेतो, आणि मग उजव्याला बोलावतो. तालमीच्या मातीत ज्यांनी कुस्त्या पाहिल्या आहेत त्यांना खडाखडी ठाऊक आहे. कुस्तीत ती सुरुवातीला होते आणि मग डाव सुरू होतात. मुष्टियुद्धात ही खडाखडी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत चालू राहते, आणि ती ज्याच्या हातात तो बहुधा सामन्याचा धनी.

आपल्याकडे सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात. हा मळ किती अवघड आहे ते आम्ही स्वतः अनुभवले आहे, म्हणून थोडे आमच्याविषयी सांगतो. कॉलेजात असताना दोन वर्षे आम्ही हातमोजे बांधले. आमचे उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले होते. पहिले तीन आठवडे त्यांनी आम्हांला कोणाच्या समोर उभे केलेच नाही. व्यायामशाळेच्या चुन्याने रंगविलेल्या भिंतीला डावा खांदा लावून उभे करीत आणि तिथून हवेत जॅब मारावयास लावीत. सरळ मारला तर काही नाही. कोपर जरा बाहेर फाकले की ते भिंतीला घासणार. तालीम संपली की उस्ताद आमच्या कोपराकडे पाहात. चुना लागलेला दिसला की म्हणत, "बाळ, आज पुन्हा घर रंगवून आलास." आम्हांला हा शुद्ध छळ वाटे. पुढे एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात एका बारीक चणीच्या मुलाने आमच्या नाकावर एकामागून एक असे काही जॅब मारले की आम्हांला त्याचा हात निघालेला कधी दिसलाच नाही, पोहोचलेला तेवढा कळला. रक्त थांबल्यावर भिंतीचा अर्थ समजला. कोपर फाकले की ते आगाऊ वर्दी देते, आणि त्या मुलाचे कोपर वर्दी देत नव्हते.

ह्या वर्दीचा मुद्दा जरा नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळे मर्म इथे आहे. डोळ्याने काही पाहून त्याप्रमाणे हात हलवावयास माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. चांगला जॅब जवळजवळ तेवढ्याच अवधीत, कधी त्याहूनही कमी अवधीत पोहोचतो. म्हणजे मूठ निघाल्याचे पाहून मग सावध होऊ म्हणणाऱ्याला ती चुकविता येणे कठीण. मग मुरलेले लढवय्ये ती चुकवितात कशी? ते मुठीकडे पाहातच नाहीत. खांदा किंचित उचलला गेला का, पुढचा पाय सरकला का, श्वास आत घेतला का, मूठ निघण्यापूर्वी कणभर मागे खेचली गेली का, ह्यावर त्यांची नजर असते. अर्थात उत्तम जॅबची पहिली कसोटी म्हणजे जोर नव्हे आणि वेगही नव्हे. तो आधी कळता कामा नये. हात सैल पाहिजे. आवळलेला हात मंद तर होतोच, शिवाय बोलका होतो. मूठ आवळावयाची ती अगदी शेवटच्या क्षणी, तळवा खाली वळता वळता. त्याच वेळी डावा खांदा वर येऊन हनुवटी झाकतो, मागचा पाय जमिनीला रेटा देतो, पुढचा पाऊलभर सरकतो, आणि उजवा हात गालाशी बसल्या जागी पहारा करतो. हे सारे एका दमात. नुसत्या दंडाने मारलेला जॅब म्हणजे माशी हाकलणे. पायापासून निघालेला जॅब डोके मागे फेकतो.

आणि मग हात परत आला पाहिजे. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

जो लुईस हे नाव आपल्यापैकी जुन्या मंडळींनी ऐकले असेल. अलाबामातल्या गरीब नीग्रो कुटुंबातला मुलगा, डेट्रॉइटमध्ये वाढला, आणि जॅक ब्लॅकबर्न नावाच्या जुन्या लढवय्याने त्याला घडविले. त्याचा जॅब आखूड अंतरावरून निघे आणि हातोडीने खिळा मारावा तसा बसे. १९३६ च्या जूनमध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो अजिंक्य होता. त्याच्यासमोर जर्मनीचा माक्स श्मेलिंग उभा राहिला. श्मेलिंग वयाने तीस, एकदा जगज्जेता होऊन गेलेला, आणि अमेरिकन पत्रकारांच्या मते संपलेला. पण हा माणूस आदल्या डिसेंबरात न्यूयॉर्कला मुद्दाम जाऊन लुईसची लढत पाहून आला होता आणि त्याच्या सामन्यांच्या फिती त्याने पुन्हा पुन्हा चालवून पाहिल्या होत्या. आपल्याला काहीतरी दिसले आहे, एवढेच तो सांगे. लोक हसत.

त्याला जे दिसले ते असे. जॅब मारल्यावर लुईस डावा हात आला त्या वाटेने, खांद्याच्या उंचीवरून, परत आणीत नसे. हात किंचित खाली घसरत घसरत परत येई. जाताना निर्दोष, येताना आळशी. तेवढा क्षणभर लुईसच्या डाव्या जबड्यावरचे दार उघडे राही. १९ जून १९३६ रोजी यांकी स्टेडियमवर श्मेलिंगने पहिले काही जॅब निमूटपणे तोंडावर घेतले आणि त्या उघड्या दारातून आपला उजवा हात घातला. चौथ्या फेरीत लुईस खाली बसला. धंदेवाईक सामन्यात तो प्रथमच जमिनीवर आला होता. बाराव्या फेरीत तो पडला तो उठलाच नाही. बारा फेऱ्या तीच चूक, आणि तिला तीच शिक्षा.

सगळ्या अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांवर त्या रात्री सुतक आले. जर्मनीत नाझी सरकारने डांगोरा पिटला. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ ला, त्याच मैदानावर दोघे पुन्हा भेटले. मधल्या काळात लुईस जगज्जेता झाला होता आणि ब्लॅकबर्नने त्याचा डावा हात परत यावयास शिकविला होता. ही लढत १२४ सेकंदांत संपली. लोकांना लुईसचा उजवा हात आठवतो, आणि ते साहजिक आहे. पण फीत पाहावयास मिळाली तर सुरुवात डाव्याने कशी झाली आणि तो हात कसा झटकन घरी येत होता ते जरूर पाहा. दोन लढतींमधला फरक कित्येकांनी राजकारणात शोधला, कित्येकांनी सूडात. आम्हांला तो लुईसच्या परतणाऱ्या डाव्या हातातही दिसतो. जाता जाता सांगावयास हवे की, श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद कधीच नव्हता, त्याच १९३८ च्या नोव्हेंबरात त्याने बर्लिनमध्ये दोन ज्यू मुलांना लपवून ठेवले होते, आणि लुईस व तो पुढे जन्मभराचे मित्र झाले.

कोणी म्हणेल, हात लांब असला की झाले. लांबी उपयोगी पडते ह्यात शंका नाही, पण ती पुरत नाही. सनी लिस्टन तुरुंगात मुष्टियुद्ध शिकलेला गडी. हात पसरले की ८४ इंच भरत, आणि त्याचा जॅब खात खात धट्टेकट्टे लोक मागे हेलपाटत. १९६४ च्या २५ फेब्रुवारीला मायामी बीचवर त्याच्यासमोर बावीस वर्षांचा कॅशियस क्ले आला, जो नंतर मुहम्मद अली झाला. क्लेचे हात त्याच्याहून आखूड. पण लिस्टनचा जॅब जिथे जाई तिथून क्ले निघून गेलेला असे, आणि तिरक्या जागेवरून त्याचा स्वतःचा जॅब लिस्टनच्या डोळ्यापाशी येऊन लागे. तिसऱ्या फेरीत लिस्टनच्या डाव्या डोळ्याखाली कातडे फाटले. सातव्या फेरीला तो स्टुलावरून उठला नाही. जॅब हाताचा म्हणतात, पण तो निम्मा पायांचा असतो.

अलीचा जॅब मात्र कोणी गुरूचा धडा म्हणून घेऊ नये. तो हात मांडीपाशी लोंबकळत ठेवी, तिथून चाबकासारखा वर फेकी, आणि संकट आले की मान मागे नेई. त्याच्या पायांना आणि नजरेला हे परवडत होते. ते पाय जरा जड झाल्यावर एडी फच नावाच्या चाणाक्ष शिक्षकाने त्यातली फट हेरली. फचने पाहिले की अली जॅब मारतो तेव्हा त्याचा उजवा हात समोरच्याचा जॅब अडविण्याच्या जागी नसतो. त्याने आपल्या शिष्याला, केन नॉर्टनला, एक अगदी साधी गोष्ट सांगितली: अलीने जॅब टाकला की मागे सरू नकोस, त्याच क्षणी तूही जॅब टाक. दोन्ही जॅब एकदम निघाले तर नॉर्टनचा उजवा हात गालाशी असल्याने अलीचा अडेल आणि नॉर्टनचा मात्र लागेल. ३१ मार्च १९७३ रोजी सॅन डिएगोत नॉर्टनने बारा फेऱ्यांनंतर अलीला हरविले आणि त्याचा जबडा मोडला. ज्या डाव्या हाताचे जगभर गोडवे गायले जात होते त्याला उत्तर दिले एका बाळबोध जॅबने, ज्याचा उजवा हात जागेवर होता. आमच्या उस्तादांना हे ऐकून फार आनंद झाला असता.

जॅबचे प्रकार किती सांगावेत? एकावर एक असा जोडजॅब, ज्यातला पहिला डोळे झाकण्यासाठी आणि दुसरा खरा. गुडघे वाकवून पोटात मारलेला. खालून वर येणारा. आणि मारलाच नाही असा, नुसता खांदा हलवून केलेली हूल. ह्यातला शेवटचा आम्हांला फार आवडतो, पण तो मागच्या उधारीवर चालतो. आधीचे चार-पाच खरोखर लागलेले असले तरच सहाव्याच्या हुलीला समोरचा बिचकतो. आणि तबल्याच्या ठेक्यासारखी एक लय जॅबला लागते. फरक इतकाच की ती समोरच्याला सापडू द्यावयाची नाही. एकाच मात्रेवर येणारा जॅब कितीही वेगवान असला तरी तिसऱ्या फेरीपर्यंत समोरच्याला पाठ होतो.

शेवटी मनाची गोष्ट. १९९० च्या ११ फेब्रुवारीला टोकियोत बस्टर डग्लस नावाच्या लढवय्याने माइक टायसनला दहाव्या फेरीत बाद केले. टायसन तोवर ३७ लढतींत अजिंक्य, आणि सट्टेवाल्यांचा भाव डग्लसवर ४२ ला १ असा होता. डग्लस उंच, लांब हातांचा, अंगात कला असलेला, पण आळशी म्हणून बदनाम. लढतीच्या तीन आठवड्यांवर त्याची आई वारली. त्या रात्री त्याचा जॅब पाहावा. टायसन आत शिरावयास निघाला की तो जॅब त्याच्या कपाळाला दाराच्या कडीसारखा लागे. आठव्या फेरीच्या शेवटी डग्लस स्वतः पडला, नऊ अंक होईतो गुडघ्यावर राहिला, उठला, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तोच जॅब सुरू. टायसनचा डावा डोळा सुजून मिटत आला. त्याच्या माणसांनी सूज दाबावयाचे लोखंडही आणले नव्हते, रबरी मोज्यात बर्फाचे पाणी भरून ते डोळ्यावर धरीत होते. आठ महिन्यांनी हाच डग्लस वजन वाढवून इव्हँडर होलिफील्डसमोर आला आणि तिसऱ्या फेरीत आटोपला. हात तेच, लांबी तीच. पण ज्याने जॅब सतत मारावयाचा त्याचे पाय, फुप्फुसे आणि मन तिन्ही शाबूत असावी लागतात. त्यातले एक खचले की तो ठोसा सगळ्यांत आधी गळतो. दमलेला माणूस उजव्या हाताचा एखादा मोठा फटका मारील, कारण त्यात आशा असते. जॅबमध्ये नुसते कष्ट असतात.

आता आमच्या मते ह्या विद्येतला जो सर्वश्रेष्ठ, त्याच्याकडे वळतो. लॅरी होम्स, पेन्सिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा. सातवीत शाळा सोडली, मोटारी धुण्याच्या जागी काम केले. उंची सहा फूट तीन इंच, हातांची लांबी ८१ इंच. डीअर लेकला अलीची तालीम चाले. तिथे हा मजुरीवर अलीबरोबर सरावाला उभा राही. अलीने सरावात त्याचा डोळा काळानिळा केला तेव्हा त्याने बर्फ लावून घेतला नाही, गावात जाऊन ती खूण लोकांना दाखवावयाची होती म्हणून, असे सांगतात.

९ जून १९७८ रोजी होम्स जगज्जेतेपदासाठी लढला तो केन नॉर्टनशीच. म्हणजे ज्या जॅबने अलीच्या जॅबला गप्प केले होते त्याच्याशी. लढतीच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या हाताचा स्नायू दुखावला होता. दुसरा कोणी असता तर त्याने लढत पुढे ढकलली असती किंवा उजव्यावर भिस्त ठेवली असती. होम्सने दुखऱ्या हातानेच पहिल्या काही फेऱ्या जिंकल्या. त्याचा जॅब खालून निघे, लागता लागता वळे आणि काडकन परत येई. एक, लगेच दुसरा, मग थांबून तिसरा, जेव्हा नॉर्टनला वाटे की आता संपले. मधल्या फेऱ्यांत नॉर्टन आत घुसला आणि पारडे फिरले. पंधराव्या फेरीला दोघेही उभे राहून एकमेकांना मारीत होते. दोन परीक्षकांनी होम्सला १४३–१४२ असे गुण दिले, तिसऱ्याने त्याच आकड्यांनी नॉर्टनला. पंधरा फेऱ्यांनंतर एका गुणाचा निकाल! त्यानंतर सात वर्षे होम्स हरला नाही. उजव्या हाताच्या आडव्या फटक्याने त्यालाही जमीन दाखविली आहे. १९७९ च्या सप्टेंबरात अर्नी शेव्हर्सने सातव्या फेरीत त्याला असे पाडले की पाहणाऱ्यांना तो मेला असे वाटावे. तो उठला, आणि उठून त्याने काय केले तर डावा हात पुढे केला. अकराव्या फेरीत रेफरीने लढत थांबविली ती शेव्हर्सला वाचविण्यासाठी.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो.

२ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासला होम्सची गाठ अलीशी पडली. अली ३८ वर्षांचा, निवृत्ती सोडून परत आलेला. वजन उतरविलेले, केस काळे केलेले. दुरून पाहावे तर दहा वर्षांपूर्वीचा अली. आतून तो माणूस रिकामा झाला होता. त्याच्या मेंदूची तपासणी आधी करविली गेली होती, त्यात काही शंकास्थळेही निघाली होती, तरी परवाना मिळाला. वजनासाठी तो कंठग्रंथीचे औषध घेत होता. पैसा पुष्कळ होता, आणि तो पुष्कळ असला की शंकास्थळे लहान दिसू लागतात.

लढत म्हणावे असे तिथे काही झाले नाही. होम्सने जॅब टाकला आणि तो लागला. पुन्हा टाकला आणि पुन्हा लागला. दहा फेऱ्या. तिन्ही परीक्षकांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या. आज ह्या साऱ्या लढती घरबसल्या पाहावयास मिळतात. जॅबचा विद्यार्थी म्हणून आम्ही ती फीत मोठ्या उत्सुकतेने लावली, कारण इतका शुद्ध, इतका मोजका, इतका वर्दी न देणारा जॅब दुसरीकडे पाहावयास मिळणे नाही. भिंतीला कोपर लागले नसते. सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत आमच्या लक्षात आले की आपण ज्याला सौंदर्य म्हणतो आहोत ते एका आजारी माणसाच्या तोंडावर पडते आहे. होम्सच्याही ते लक्षात आलेले दिसते. तो हात आखडता घेतो, रेफरीकडे पाहातो, पुन्हा हलकासा जॅब टाकतो, जणू म्हणतो आहे की बाबा, आता बस. दहावी फेरी झाल्यावर अलीच्या कोपऱ्यातून अँजेलो डंडीने लढत थांबविली. जिंकणारा त्या रात्री रडला. आम्ही ती फीत तीन वेळा लावली आणि एकदाही शेवटपर्यंत पाहू शकलो नाही.

जॅबने माणूस क्वचितच बेशुद्ध पडतो. म्हणून आम्ही तरुणपणी तावातावाने सांगत असू की जॅबवर चालणारे मुष्टियुद्ध हे सभ्य मुष्टियुद्ध, तलवारबाजीचे भावंड. ते खरे नव्हते. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड ह्या अमेरिकन डॉक्टराने थकल्या मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीवर आणि जड जिभेवर पहिला शास्त्रीय लेख लिहिला. तेव्हापासून आजवर जे कळले त्याचा रोख असा की, एखाद्या मोठ्या फटक्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मेंदूला वर्षानुवर्षे बसणाऱ्या लहान हिसक्यांची बेरीज भोवते. ही बेरीज जॅबच करतो. १९८४ मध्ये अलीला कंपवात असल्याचे निदान झाले. त्यात मुष्टियुद्धाचा वाटा किती ह्यावर डॉक्टरांत वाद आहेत. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. पण डीअर लेकच्या तालमीत हातमोजे घालून रोज होत असलेल्या ठोशांची मोजदाद कोणी ठेवली नाही, आणि तिथे ते मारणाऱ्यांत होम्सही होता, हे आम्ही विसरू शकत नाही.

मग पाहावे की न पाहावे? आम्ही पाहातो. न पाहण्याचा निश्चय दोनदा केला आणि दोनदा मोडला. असे व्यसन असते. मात्र आता आम्ही जॅब मारणाऱ्यापेक्षा तो चुकविणाऱ्याकडे अधिक पाहातो, आणि कोपऱ्यात टॉवेल घेऊन जो माणूस बसलेला असतो त्याच्याकडे सर्वांत अधिक. तो वेळेवर उठतो का? डंडी उठला, पण दहा फेऱ्यांनी. चालकांच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना ह्याहून नीटस उत्तर आमच्यापाशी नाही, आणि ते समोरच बसले आहेत, तेव्हा व्याख्यानानंतर त्यांचे म्हणणे ऐकून घेऊ.

एक राहिले. ११ एप्रिल १९८१ च्या रात्री होम्स ट्रेव्हर बर्बिकशी लढला. त्या सभागृहात जो लुईस हजर होता. चाकांच्या खुर्चीत, आजारी, ६६ वर्षांचा. काही तासांनी, १२ तारखेला, तो वारला. त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार उचलणाऱ्यांत श्मेलिंग होता. आपल्या डोळ्यांनी लुईसने पाहिलेली ती शेवटची लढत, आणि तीत होम्सचा डावा हात पंधरा फेऱ्या जात होता आणि परत येत होता.

घंटा झाली.  मुलांपैकी ज्यांना घरी जाऊन भिंतीशी उभे राहून पाहावयाचे असेल त्यांनी आधी ओला चुना नाही ना, ते पाहावे.